झाडू आणि हरवलेले नाणे

चिंतनासाठी : लूक 15:8-10



आमच्या घरात पत्ते चालत नसत. वडोद्यात सातम-आठमच्या दिवसांत गल्लोगल्ली डाव बसतात. अशाच एका डावात बाबा महिन्याचा पगार हरून आले. मी तेव्हा सातवीत होते. आईने घरातला पत्त्यांचा कॅट चुलीत घातला. त्यानंतर निजामपुऱ्यातल्या आमच्या घरात पत्त्याचे पान आले नाही.

त्यामुळे गेल्या पावसाळ्यात ताई इटलीहून सुट्टीवर आली आणि तिच्या बॅगेतून पत्ते निघाले, तेव्हा माझे डोकेच फिरले. ताई तिथे वृद्धांची देखभाल करते. ज्या आजीबाईंकडे ती बरीच वर्षे होती, त्या वारल्यावर घरच्यांनी त्यांचे पत्ते तिला आठवण म्हणून दिले होते. ती ते माझ्या मुलाला शिकवायला बसली.

मी धर्मशिक्षिका. मी तिला लगेच सियेनाच्या संत बर्नार्दिन यांची गोष्ट ऐकवली. 1423 साली त्यांनी बोलोन्यात जुगाराविरुद्ध प्रवचन केले आणि लोकांनी आपले पत्ते-फासे आणून आगीत टाकले. पत्ते रंगवणारा एक कारागीर पोटावर पाय आला म्हणून रडू लागला, तेव्हा संतांनी त्याला येशूच्या नावाची आद्याक्षरे रंगवायला सांगितली, असे म्हणतात.

ताई शांतपणे म्हणाली, "जुगाराविरुद्धच ना गं? आम्ही कुठे पैसे लावतोय? ये, बस."

खरे सांगायचे तर माझा राग पत्त्यांवर नव्हताच. 2021 च्या एप्रिलमध्ये आई कोविडने गेली. ताई मातीला आली नाही. येणे शक्य नव्हते, हे मला कळत होते. पण ऑक्सिजनसाठी धावाधाव मी केली, कबरीपाशी मी एकटी उभी राहिले. तेव्हापासून फोनवर मी तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नव्हते.

मुलाच्या हट्टापुढे माझे चालले नाही. मी बसले. खेळाचे नाव स्कोपा. पाने 40. बदाम, इस्पिक, किलवर, चौकट इथे नाहीत. पेले, नाणी, तलवारी आणि सोटे आहेत. एक ते सात आकडे, मग शिपाई, घोडेस्वार आणि राजा म्हणजे आठ, नऊ, दहा. प्रत्येकाला तीन पाने, मध्ये चार उघडी. हातातल्या सत्तीने खालची सत्ती उचलायची. सत्ती नसेल तर चौका आणि तिरी मिळून उचलायची. खालची सगळी पाने एका फटक्यात उचलली की 'स्कोपा' म्हणायचे आणि एक गुण घ्यायचा. स्कोपा म्हणजे झाडू! अकरा गुण झाले की जिंकलात.

नाण्यांच्या रंगाला 'देनारी' म्हणतात. द्राक्षमळ्यातल्या मजुरांना दिवसाची मजुरी म्हणून मिळालेला दीनार तो हाच शब्द. ज्याच्याकडे जास्त नाणी, त्याला एक गुण. नाण्यांच्या सत्तीचा आणखी एक. तिचे नाव 'सेत्तेबेल्लो', म्हणजे सुंदर सात. तिच्यासाठी सगळ्यांची धडपड असते.

एका रात्री ती सत्तीच हरवली. पाने मोजली, 39. नाण्यांची पाने दहा असतात, तिथे नऊ. ताईचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "बाजारातून दुसरा कॅट आणू." ती म्हणाली, "इथे कुठे मिळणार? आणि मिळाला तरी तो नोन्नाचा नसेल."

मुलगा झोपला होता. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसलो. मी मोबाइलची बॅटरी धरली, ताईने केरसुणी घेतली. पलंगाखाली, कपाटामागे, गव्हाच्या डब्यापाशी. शेवटी फ्रिजखालून जळमटांसकट ते पान बाहेर आले. ताई लहानपणी हसायची तशी हसली. रात्री साडेअकराला तिने चहा टाकला, मुलाला उठवून पान दाखवले.

दिवा, झाडू, दहातले हरवलेले एक नाणे. हा दाखला मी मुलांना किती वर्षे शिकवते आहे! पण त्या रात्री प्रथमच एक गोष्ट ध्यानात आली. आपण झाडू घेतो तो केर बाहेर टाकायला. त्या बाईने तो घेतला शोधायला. मीही वर्षानुवर्षे मन झाडत होते, पण ताईला बाहेर लोटायला. तिचे काय झाले असेल, हे शोधायला मी कधी वाकलेच नव्हते.

चहा घेताना मी विचारले, "आईच्या मातीच्या दिवशी तू काय करत होतीस गं?"

ताई बराच वेळ कपाकडे पाहत राहिली. "फोनवर बघत होते. मध्येच फोन बंद पडला. नोन्नाला मी काय सांगणार? तिला इंग्रजी येत नव्हते, मला रडताना इटालियन सुचत नव्हते. तिने माझ्या हातात तीन पाने दिली. संध्याकाळपर्यंत आम्ही खेळत बसलो. गुण कुणीच मोजले नाहीत."

मी तिचा हात धरला. आईसाठी आम्ही दोघींनी मिळून पहिल्यांदा रडलो ते त्या रात्री.

बंधुभगिनींनो, आपल्या घरातही एखादे नाणे हरवलेले असेल. ते घराबाहेर गेलेले नसते. आपल्याच घरात, आपल्याच धुळीखाली असते. या आठवड्यात एका माणसाला तो एक प्रश्न विचारू या, जो आपण रागापोटी इतकी वर्षे विचारला नाही.

हे प्रभो, तू आम्हांला शोधतोस तसे एकमेकांना शोधायला आम्हांला शिकव. आमच्या हातातला झाडू कुणाला बाहेर लोटण्यासाठी न उठो. आमेन.