वाकडा काठ

आमच्या येवल्यात दोन गोष्टी फुकट मिळतात : संक्रांतीला कटलेला पतंग आणि बारा महिने वैद्यकीय सल्ला. नानांना पार्किन्सन झाल्याचं कळलं आणि या दुसऱ्या मालाची नुसती लयलूट झाली. लंडनच्या डॉक्टर जेम्स पार्किन्सननं १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्यासाठी बिचाऱ्याला सहा रोगी लागले. आमच्या गल्लीचं एका नानांवर भागलं.

कोणी तांब्याचं कडं आणलं, कोणी तेल. एकानं कवचबीजाचं चूर्ण दिलं, "कंपवातावर जुनं औषध" म्हणून. ते मात्र मी डॉक्टरांना दाखवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "यात लेव्होडोपा असतं. नानांच्या गोळीतही तेच आहे. मला न विचारता दोन्ही पोटात गेली, तर मात्रा कोणाच्या हातात राहणार?" चूर्ण फळीवर गेलं. तेलाची मालीश राहिली; ती नानांना आवडे.

व्यायाम मात्र रोज हवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नानांनी चाळीस वर्षं पैठणी विणलेली. "मागावरच्या माणसाला हातपाय हलवायला तू शिकवणार?" म्हणाले. मी समोर उभा राहून करून दाखवी, ते पलंगावरून बघत. महिन्याभरात माझं वजन दोन किलोंनी उतरलं.

खरी पंचाईत उंबरठ्याशी. तिथं आले की नानांचे पाय जमिनीला चिकटत. "अहो, चला ना!" म्हणून मी एकदा ओरडलो. आजारानं बारीक झालेल्या आवाजात ते म्हणाले, "अरे, मी सांगतोय त्यांना. ते ऐकत नाहीत."

त्यानंतर मी ओरडलो नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तोडगा सांगितला : उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवा. पाय आपणहून उचलत नसला, तरी डोळ्यांना ओलांडायला काही दिसलं की पुष्कळदा उचलतो. मी पट्ट्या लावल्या. नानांनी त्या निरखून पाहिल्या.

"पलीकडची वाकडी आहे. असा काठ विणला असता तर शेठनं दारात उभं केलं नसतं."

आणि ती कुठं वाकडी आहे हे दाखवायला ते एकेक पट्टी ओलांडत थेट तिच्यापर्यंत गेले. उंबरठा मागं राहिला!

आता एक पट्टी मी मुद्दाम वाकडी ठेवतो. आजार गेलेला नाही. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर चालू आहेत, आणि काही दिवशी पट्ट्याही हरतात.

यंदा संक्रांतीला हलकडी कडाडू लागली. गच्ची नानांना जमेना, म्हणून अंगणातच खुर्ची टाकली आणि आसारी त्यांच्या हातात दिली. मांडीवर रिकामा पडला की थरथरणारा तो हात, आसारी धरल्यावर बराच शांत झाला. दोरा माझ्याकडे होता. दहाव्या मिनिटाला पतंग कटला. मी हळूच विचारलं, "नाना, हात हलला का?"

"हलला ना," ते म्हणाले. "तुझा."