कोंबड्यांचा मुहूर्त

गेल्या रविवारी फोनवर आईला सांगितलं, की आम्ही कोंबड्या पाळायचं म्हणतोय. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "कोंबड्या राखायलाच एवढ्या लांब गेलास व्हय रं?"

यावर काय बोलणार! पण मंडळी, मिनेसोटात कोंबड्या पाळणं म्हणजे भुदरगडातल्या आमच्या गावासारखं नाही. तिथे आजीने त्यासाठी कधी कॅलेंडर बघितलं नाही. कोंबडी खुडूक बसली की बुट्टीत पिंजर घालायचं, अंडी मांडायची, वर तिला बसवायचं. एकवीस दिवसांनी पिल्लं. मुहूर्त कोंबडीच काढायची. इथे तो माणसाला काढावा लागतो, आणि तोही डिसेंबरपासून उलटा मोजत.

हे खूळ डोक्यात शिरलं 2025 च्या मार्चमध्ये. बर्ड फ्लूमुळे अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव सहा डॉलरच्या वर गेला होता. ऑफिसात निम्मे लोक कोंबड्यांच्या गप्पा मारत होते. भाव पुढे उतरले, लोक विसरले. मी मात्र तोवर खुराड्याचं ड्रॉइंग काढून बसलो होतो, आणि इंजिनिअर माणसाने एकदा ड्रॉइंग काढलं की संपलंच.

माझी डॉक्टरेट उष्णतेच्या वहनावर. त्यामुळे उणे पंचवीसची थंडी हाच शत्रू, असं मी गृहीत धरलं आणि थर्मासला लाजवेल असं बंदिस्त खुराडं रेखाटलं. शेजारी एक निवृत्त शेतकरी राहतात. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "यातली वाफ कुठून जाणार?" कोंबडीच्या अंगावर पिसांची रजई असतेच. कोरड्या थंडीत ती टिकते. पण तिच्या श्वासाची आणि विष्ठेची ओल आत कोंडली, तर तीच ओल तुऱ्यावर गोठते आणि तुरा काळा पडतो. म्हणजे वरच्या बाजूला झरोके हवेतच. पीएच.डी. गप्प बसली.

दुसरी चूक त्याहून मोठी. अंडी थंडीने बंद होतात असं मला वाटायचं. तसं नाही, ती मुख्यतः अंधाराने बंद होतात. चांगली अंडी द्यायला कोंबडीला दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. आमच्या गावी वर्षातला लहानात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. इथे 21 डिसेंबरला जेमतेम पावणेनऊ! आजीला हा प्रश्न कधी का पडला नाही, ते तेव्हा कळलं.

आता गणित असं. पिल्लाला पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. सहा आठवड्यांत पूर्ण पिसं येतात. अंडी सुरू व्हायला जातीप्रमाणे अठरा ते चोवीस आठवडे. समजा ऑगस्टमध्ये पिल्लं आणली, तर ती अंड्यावर यायच्या वयाला पोचणार ऐन जानेवारीत. म्हणजे अंधारात नुसतं खाद्य घालत वसंताची वाट बघायची. मार्चच्या सुरुवातीला आणली, तर गॅरेजमध्येच गोठण्याखाली तापमान. दिव्याखाली ऊब धरणार किती? एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणली, तर जूनमध्ये तलंगा बाहेर अंगणात, तोवर शेवटचं दहिवर पडून गेलेलं. सप्टेंबरच्या मध्याला पहिलं अंडं. आणि पहिल्या वर्षीच्या तलंगा बहुधा तो हिवाळा थोडीफार अंडी देत काढतात.

झालं, एप्रिल ठरला. इथे एक दिवसाची पिल्लं चक्क टपालाने येतात, 1918 पासून. ("पोस्टानं? जित्ती?" इति आई.) अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस निघतात.

ऑर्डरचं पान उघडलं आणि हात थांबला. कारण वेगळंच होतं.

2023 च्या जानेवारीत अण्णांना रात्री दवाखान्यात नेल्याचा फोन आला. मी चार तासांत निघालो. हीटर कमी केला, कुलूप लावलं, विमानतळ गाठला. कोंबड्या असत्या तर? जानेवारीत इथे पाणी दिवसातून दोनदा गोठतं, अंडं वेळेत उचललं नाही तर तडकतं. जिवंत प्राण्याला कुलूप लावून जाता येत नाही. अकरा वर्षं इथे राहून मी कुलूप लावता येणार नाही असं काही घरात आणलं नव्हतं, अगदी कुंडीसुद्धा. उगाच नव्हे ते, आत्ता लक्षात आलं.

शेजारच्या आजोबांना जाऊन सांगितलं, ऑर्डर करत नाही. कारणही सांगितलं. ते म्हणाले, "किल्ली माझ्याकडे ठेव. तू नसशील तेव्हाची अंडी माझी." एवढंच. परत कधी येशील, असं त्यांनी विचारलं नाही.

रात्री सहा पिल्लांची ऑर्डर दिली. बायकोने अभिनंदन केलं आणि विचारलं, मग यंदा नाताळच्या सुट्टीत गावाला कसं जायचं? खरंच की. दरवर्षी आम्ही डिसेंबरातच जातो. नेहमीचं संकट वगळता, नव्या कोंबड्या पहिल्याच कडाक्यात म्हाताऱ्या माणसावर सोडून जाणं बरं नाही. पुन्हा कागद घेतला. अंडी सप्टेंबरात, पाणी गोठायला लागणार नोव्हेंबरात. मधला ऑक्टोबर सगळ्यात सोपा.

आईला फोन केला, की यंदा डिसेंबर नाही, ऑक्टोबरात येतोय. कोंबड्यांमुळे.

"बरं झालं," ती म्हणाली. "इतकी वर्षं नुसतं कापलेलं शिवार बघून जातोस. यंदा भात उभं असंल."