आधी दावं, मग अडसर

घोड्यांच्या वाहतुकीवरची एक छोटी इंग्रजी पुस्तिका मी गेल्या वर्षी मराठीत आणली. कादंबरीतलं एखादं वाक्य फसलं तर समीक्षक रागावतो. इथे घोड्याच्या किंवा मोतद्दाराच्या जिवावर बेतू शकतं.

घोडा ट्रेलरमधून उतरवताना सगळा धोका क्रमात असतो. आधी तोंडाकडचं दावं सोडायचं, मग पुठ्ठ्यांमागचा अडसर काढायचा. उलट केलं तर वाट मोकळी दिसताच घोडा मागे सरकतो, दावं ताणतं, डोकं अडकतं. मग तो बिथरून आणखी जोरानं मागे ओढतो, घसरतो, पडतो. अडसर काढणाऱ्यानंही बाजूलाच उभं राहायचं, कारण थेट मागचं घोड्याला दिसत नाही.

इंग्रजी वाक्याची सुरुवात मात्र अडसरापासून होती: तो काढू नका, जोवर दावं सुटलेलं नाही. कुणीतरी वाचून दाखवतंय आणि मोतद्दार ऐकत काम करतोय, तर त्याचा हात आधी अडसराकडेच जाणार. मराठी व्याकरण मदतीला आलं. ‘दावं सोडल्याशिवाय अडसर काढू नका.’ आपलं वाक्य कामाच्याच क्रमानं चालतं. पण गोंगाटात शेवटचं ‘नका’ हरवलं तर? म्हणून तेही काढलं: ‘दावं सोडा. मग अडसर काढा.’

तौलनिक साहित्याच्या वर्गात मूळनिष्ठेवर आम्ही तासन्‌तास वाद घातले होते. इथे निष्ठा कोणाशी, हे ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.