कुलूप ओढून पाहणे

आमच्या घरातून बाहेर पडण्याचा एक विधी आहे. मी दाराला कुलूप लावतो, किल्ली खिशात टाकतो आणि दोन पायऱ्या उतरतो. मग आमची ही परत वर जाते आणि ते कुलूप धरून ओढते. एकदा नव्हे, तीनदा. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. आजवर ते कुलूप एकदाही तिच्या हातात आलेलं नाही. "अहो, लावणं वेगळं आणि लागणं वेगळं," हे तिचं म्हणणं. यावर मी चारचौघांत बरेच विनोद केलेले आहेत आणि ते लोकांना आवडलेलेही आहेत.

माझा पोटापाण्याचा धंदा म्हणजे यंत्रांच्या पोटातल्या कॉम्प्युटरसाठी ड्रायव्हर लिहिणे. (आमच्या सोसायटीचे वॉचमन त्यावर अजून "गाडी कुठली?" असं विचारतात.) हा ड्रायव्हर म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्रॅम. त्यात टायमरचं काम सगळ्यात साधं. आमची टायमर चिप सेकंदाला हजार वेळा घंटा वाजवते. प्रोसेसर हातातलं काम टाकून येतो, घड्याळात एक टिक मिळवतो आणि चिपच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्या एका बारक्या कप्प्यात, 1 लिहून घंटा बंद करतो. संपलं!

गेल्या पावसाळ्यात ऑफिसातल्या एका नव्या मुलाने असा ड्रायव्हर लिहून माझ्याकडे तपासायला दिला. बघतो तर 1 लिहून झाल्यावर पुढच्याच ओळीत तेच रजिस्टर वाचलेलं, आणि वाचलेला आकडा चक्क टाकून दिलेला! मी शेरा मारला, 'निरुपयोगी ओळ. काढणे.'

"सर, पण ती ओळ..."

"अरे, एकदा लिहिलं की लिहिलं!" मी म्हटलं. तो गप्प बसला. ओळ गेली.

पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन. त्यांच्या भट्टीचं घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे जात होतं. आमच्या घरातली सगळी घड्याळं मागे पडतात, त्यामुळे मला आधी कौतुकच वाटलं. पण आठवडा उलटल्यावर भट्टी माणसं यायच्या आतच पेटायला लागली होती. मी त्या मुलाला सगळ्यांच्या देखत झाडलं. "साध्या टिका मोजता येत नाहीत?" तो म्हणाला, "बघतो, सर."

रात्री मीच बघत बसलो. घंटेच्या ओळीशेजारी 'इथे आलो होतो' असं छापायची आज्ञा घातली, की रोग गायब. ती काढली, की हजर. डॉक्टरांच्या दारात दाढ दुखायची थांबते, त्यातलाच प्रकार. आणि मग, साधारण दीड वाजता, मला घाम फुटला.

प्रोसेसर रजिस्टरमध्ये लिहितो म्हणजे स्वतः चालत जाऊन लिहीत नाही. तो चिठ्ठी खरडतो, बफर नावाच्या शिपायाच्या हातात ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. शिपाई शिपायाच्या चालीने जातो. तोवर चिपकडे घंटा वाजतेच आहे. प्रोसेसर तीच जुनी घंटा नवी समजून आणखी एक टिक मिळवतो! छापण्यात वेळ गेला, की शिपाई पोचलेला असतो. म्हणून रोग गायब. वाचण्याचं मात्र वेगळं. आमच्या लिनक्समध्ये वाचायच्या आज्ञेत उत्तर येईपर्यंत थांबायची सक्तीच असते, आणि त्याच चिपकडे निघालेली वाचायची चिठ्ठी आधीच्या लिहायच्या चिठ्ठीला ओलांडून पुढे जात नाही. उत्तर आलं, याचा अर्थ लिहिलेलं पोचलं. उत्तरात काय होतं, याला महत्त्वच नाही.

सी भाषेत 'व्होलाटाइल' असा एक शब्द आहे. मी जन्मभर तो ताईत म्हणून बांधत आलो. त्याच्या धाकाने कंपायलर तसल्या ओळी गाळत नाही की मागेपुढे करत नाही, हे खरं. पण पुढे प्रोसेसरला आणि शिपायाला त्या ताइताचं सोयरसुतक नसतं. प्रोसेसर तर कामं आपल्या सोयीने उलटसुलट करण्यात पटाईत. 1992 साली आलेल्या अल्फा प्रोसेसरची तर अशी ख्याती की, नवा पत्ता वाचून त्या पत्त्यावर जावं, तर तिथे जुनंच सामान दिसावं! म्हणून प्रोग्रॅममध्ये जागोजागी 'बॅरिअर' घालतात. रेल्वेचं फाटकच ते. आधीची गेल्याशिवाय मागची सुटायची नाही. पण फाटक क्रम राखतं, गाडी मुक्कामी पोचली का हे सांगत नाही. ते विचारूनच बघावं लागतं.

जुनी प्रत उघडली. कॉम्प्युटरवरची ही व्यवस्था फार दुष्ट. कोणी काय केलं ते तारीखवार जपून ठेवते. 'निरुपयोगी ओळ. काढणे.' खाली माझं नाव. वेळसुद्धा.

सकाळी झाडलं होतं तेवढ्याच लोकांना जमवून मी चूक सांगितली. झाडताना आवाज मोठा निघाला होता, या वेळी जरा बारीक निघाला. मुलगा उलट स्वतःच ओशाळला. "सर, ती ओळ कशासाठी ते मीच शेजारी लिहायला हवं होतं." आता ओळही परत आली आहे आणि शेजारी चार ओळींचं स्पष्टीकरणही. ते मी लिहिलंय.

घरी यातलं अजून काही बोललेलो नाही. परवा बाहेर पडताना ही नेहमीप्रमाणे वर जाऊन कुलूप ओढून आली. मी काहीच बोललो नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "अहो, बरं नाही का वाटत?"