तीस कागदांचा चेंडू

आमच्या शाळेत घड्यांना तोटा नाही. ब्लँकेटची घडी, मच्छरदाणीची घडी, शर्टाच्या बाहीची इस्त्री. त्यामुळे कागदाची काटेकोर घडी मला जड गेली नाही.

जपानच्या मित्सुनोबू सोनोबे यांच्या नावाने ओळखला जाणारा एक तुकडा आहे. चौरस कागदाला घड्या घातल्या की समांतरभुज चौकोन होतो. त्याला दोन टोके आणि दोन खिसे. एकाचे टोक दुसऱ्याच्या खिशात सरकवायचे, गोंद अजिबात नाही. सहा तुकड्यांचा घन होतो, तिसांचा काटेरी चेंडू. सगळे तुकडे एकाच बाजूला वळलेले हवेत. एखादा उलटा वळला तर तो कुठेच बसत नाही.

तीसच का? तीन तुकड्यांचा एक सुळका, आणि प्रत्येक तुकडा दोन सुळक्यांत वाटलेला. सुळके वीस. वीस गुणिले तीन भागिले दोन! एका बिंदूभोवती पाच सुळके घेतले की कागद आपोआप वळतो. सहा घेतले तर सपाटच राहतो, कितीही जोडा. हे मला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा बोटांनी आधी कळले.

सहावीतला एक ज्युनियर प्रेपनंतर रोज खिडकीशी उभा राही. तो तेलुगू बोलणारा, हिंदी जेमतेम. मला तेलुगू येत नाही. सुट्टीनंतर तो परत येणार नाही, असे हाउसमध्ये सगळे धरून चालले होते. एका रविवारी मी त्याच्यापुढे लाल, पिवळा आणि निळा असे तीन ए-फोर कागद ठेवले. सात सेंटिमीटरचे चौरस कापले तर एका कागदातून बारा निघतात. प्रत्येक रंगाचे दहा लागतात, दोन शिल्लक. दर सुळक्यात तिन्ही रंग आले पाहिजेत, हा हट्ट त्याचा. चुकले की तो माझ्या हातावर टिचकी मारी. सीनियरच्या हातावर!

शेवटचे दोन-तीन तुकडे बसेपर्यंत सगळे लुळे असते, एकीकडे धरावे तर दुसरीकडे सुटते. तिसावा त्याने बसवला, लाइट्स आउटला चार मिनिटे असताना.

सुट्टीला निघताना चेंडू ट्रंकेत मावेना. त्याने तो पुन्हा सोडवला, तीसही तुकडे वहीत सपाट ठेवले आणि उरलेले सहा चौरस मला दिले. ते त्याला परत आल्यावर हवे आहेत, एवढे त्याने हिंदीत नीट सांगितले.