भोसरी आणि समुद्राचा शिंपला

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें कीं भोसरी लागते. कारखान्यांचें हें गांव समुद्रसपाटीपासून ५५० मीटरांहून उंच. समुद्र राहिला सह्याद्रीपलीकडे. अशा ठिकाणीं कांचेच्या टाकींत शिंपले पाळावयाचे, म्हणजे समुद्रच घरीं घडवावयाचा! लिटरभर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार हवेत. तेथें स्वयंपाकघरांतील नुसतें मीठ कामाचें नाहीं. शिंपला पाण्यांतील चुना घेऊन कवच वाढवितो, म्हणून तो पुनःपुन्हां पुरवावा लागतो. महाशिंपल्याच्या मांसल झालरींत सूक्ष्म शैवालें वसतात. तीं प्रकाशाच्या बळावर अन्न तयार करून त्यालाहि देतात. पाहुण्यांनीं यजमानास जेवूं घालावें, असें हें बिऱ्हाड! दिवा मंदावला कीं यजमानाची उपासमार.

परंतु या हौसेस मर्यादा आहे. लक्षद्वीपाकडील महाशिंपल्यांच्या कांहीं जाति व प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण २००१ सालीं मिळालें. ते समुद्रांतून काढून आणणें हा गुन्हा होय. मालवणास १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें, आणि सिंधुदुर्गाच्या परिसरांत प्रवाळ आहेत. सुटींत मुलांना तेथें न्यावें. घाट आपण उतरावा. समुद्राला चढावयास लावूं नये.