जुनी गाडी, नवी उधारी

जळगाव,
कार्तिक वद्य ५

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. येथे अजिंठा चौफुलीजवळ तू पाहून गेलेली वॅगन-आर साडेतीन लाखांस मिळत असून, कपाशीच्या पहिल्या वेचणीचे पैसे हाती आले असल्याने ती एकरकमी घ्यावी, की पन्नास हजार रोख भरून उरलेल्या तीन लाखांचे कर्ज काढावे, असा तुझा प्रश्न आहे. ताईला दवाखान्यासाठी शिरपूरहून धुळ्यास नेताना किती यातायात होते ते मी जाणतो. म्हणून गाडीच्या आवश्यकतेविषयी मी काही लिहीत नाही.

आधी कर्जाचे पाहू. गाडीच्या दलालाने सांगितलेला दरसाल दरशेकडा १२ हा दर 'फ्लॅट' आहे. म्हणजे तीन वर्षांचे १,०८,००० रुपये व्याज आरंभीच मुद्दलात मिळवून त्या बेरजेचे ३६ हप्ते पाडले जातील आणि तू दरमहा ११,३३३ रुपये भरीत असता, फिटून गेलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहील. हेच कर्ज त्याच दराने घटत्या शिलकेवर मिळाले, तर हप्ता ९,९६४ रुपयांचा आणि एकंदर व्याज अठ्ठावन्न-एकोणसाठ हजारांचे होते. उलट हिशेब केला असता तुझा तो बारा टक्के दर वास्तविक एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो.

कागदावरील आकडा आणि ऋणकोच्या पदरी पडणारा भार यांतील ही तफावत आपल्या मुलखास नवी नाही. पुणे-नगर भागात १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे झाल्यानंतर सरकारने १८७९ साली जो कायदा केला, त्याने न्यायाधीशास कर्जखताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याजाचे मुद्दल किती वेळा झाले, हे तपासण्याचा अधिकार दिला. आणि एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल होऊ नये हा दामदुप्पटीचा दंडक तर त्याहूनही प्राचीन. आज रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा तक्ता, ऋणकोला समजेल अशा भाषेत, द्यावा लागतो व त्यात सर्व शुल्के धरून पडणारा वार्षिक दर लिहावा लागतो. तो तक्ता मराठीत मागून घे, आणि तो वाचल्यावाचून कोठेही सही करू नकोस.

परंतु व्याजाहूनही मला अधिक चिंता वाटते ती हप्त्याच्या तारखेची. भुसावळच्या रेल्वेतील नोकरदारास दरमहा पगार मिळतो. त्याने माफक मुदतीचे कर्ज काढले तर त्यात मला काही वावगे दिसत नाही. तुझे उत्पन्न मात्र कपाशीच्या वेचणीला आणि केळीच्या कापणीला येते, मधले महिने केवळ खर्चाचे असतात. आणि वैशाखातील एका वादळाने घडांनी लगडलेली बाग आडवी झाली, किंवा ऐन कापणीत बऱ्हाणपूरचा भाव कोसळला, तरी पाच तारखेचा हप्ता पाच तारखेलाच येतो.

एवढे वाचून तू म्हणशील, मामांचा कौल रोखीकडे आहे. आहे, पण रोख कशास म्हणावे ते नीट ऐक. वेचणीच्या पैशांतून साडेतीन लाख गाडीत घातलेस, आणि नुकत्याच लावलेल्या केळीच्या कांदेबागेला खताची मात्रा द्यायची वेळ आल्यावर कृषी केंद्रात वहीवर नाव घालून गोण्या उचलल्यास, तर ती गाडी रोखीची कशी? कर्ज तू काढलेच. फक्त ते गाडीच्या नावावर न पडता खताच्या गोणीवर पडले, त्याचा दर कोठे लिहिला गेला नाही, आणि माल आधीच त्या उधारीत बांधला गेल्याने भाव करण्याचे तुझे स्वातंत्र्यही गेले. आपल्याकडे रोखीचा अभिमान बाळगणारी कितीतरी घरे या मार्गाने उधारीत रुतलेली मी पाहिली आहेत. तसेच पीककर्जाच्या रकमेस हात लावू नकोस. वेळेवर फेडल्यास तीन लाखांपर्यंतचे हे कर्ज आपल्या राज्यात बिनव्याजी पडते. ती रक्कम गाडीत अडकून मुदत टळली, तर ही सवलतही हातची जाईल.

दलाल दहा हजार कमी करतो म्हणून सगळ्या नोटाच मोजून देण्याचा जो विचार तू लिहिला आहेस, तो सोडून दे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई असून, घेणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दंड त्याला होईल हे खरे. पण पुढे तंटा उद्भवल्यास पैसे दिल्याचा पुरावा तुझ्यापाशी राहणार नाही. पैसे बँकेतून, आणि आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात जाऊ देत.

सातबाऱ्यावरचा बोजा पाहिल्याशिवाय आपण जमीन घेत नाही, तसाच आरसीवरील बोजाही पाहा. विकणाऱ्याचे कर्ज फिटलेले असले तरी बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत रुजू होऊन नोंद उतरल्यावाचून गाडी निर्वेध होत नाही. गाडी तुझ्या नावे करण्याचा अर्ज खरेदीपासून ३० दिवसांत आणि विम्याच्या हस्तांतरणाचा अर्ज १४ दिवसांत द्यावा लागतो.

माझे मत असे : खत, मजुरी आणि ताईचे औषधपाणी यांचे पुढील वेचणीपर्यंतचे पैसे आधी बाजूला काढ, उरतील तेवढ्यातच, मग ते दोन लाख का असेनात, गाडी पाहा आणि ती कर्जाशिवाय घे. साडेतीन लाखांची ही गाडी यंदा तुझ्या ऐपतीतील नाही. दोन लाखांच्या आत येणाऱ्या गाडीची मी येथे चौकशी सुरू केली आहे.

ताईस साष्टांग नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
मामा